पाणपोईपासून पाणीपट्टीपर्यंत

सोलापूर सोडून पुण्याच्या वाटेला लागले की पाकणीच्या शिवारात महापालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे आणि त्याच टापूत, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत, चिंचोळी काटी हे गाव व त्याच्या रानात वसलेली चिंचोळी एमआयडीसी आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी येथे ज्वारीची जिरायत शेते होती. आज तेथे औषधद्रव्यांचे, रसायनांचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे येथे काय आहे, असे कोणी विचारील. किल्ला नाही, शिलालेख नाही, लढाईचे मैदान नाही. परंतु आमच्या मते येथे पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. या लहानशा टापूत पाण्याचे तीन हिशेब एकमेकांच्या शेजारी नांदतात.

पहिला हिशेब शहराचा. उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळातून पाणी येते, पाकणीला शुद्ध होते आणि सोलापुरात जाते. त्याची पट्टी महापालिका घेते. दुसरा हिशेब वसाहतीचा. कारखान्याने मीटरप्रमाणे पाणी घ्यावे आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या दराने पैसे मोजावेत. तिसरा हिशेब गावाचा. ग्रामपंचायतीचा नळ आणि ग्रामपंचायतीची वार्षिक पाणीपट्टी. महापालिकांचा कायदा १९४९ सालचा, ग्रामपंचायतींचा १९५८ सालचा, औद्योगिक महामंडळाचा १९६१ सालचा. बारा वर्षांच्या अवधीत झालेले हे तीन कायदे एका शिवारात येऊन मिळाले आहेत. सोलापुरात घर असलेला कामगार सकाळी पहिल्या हिशेबाचे पाणी भरून निघतो, पाळीवर दुसऱ्या हिशेबाचे पाणी पितो आणि सुटल्यावर गावातल्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या हिशेबाचा चहा घेतो. तहान एकच, पण पाण्याचे मोल तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी ठरते. हे असे का झाले, याचा माग काढण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपण विजेचे ‘बिल’ म्हणतो, दुधाचा ‘भाव’ म्हणतो, आगगाडीचे ‘भाडे’ म्हणतो. पाण्याची मात्र ‘पट्टी’ म्हणतो. पट्टी हा शब्द बाजारातला नव्हे, तो सरकारी दप्तरातला. मराठी राज्याच्या कागदपत्रांत घरपट्टी आहे, म्हैसपट्टी आहे. त्यांच्या जोडीला लग्नटका आहे, कसबी लोकांवरचा मोहतर्फा आहे. शेताला पाटाचे पाणी असेल तर ते पाटस्थळ, मोटेचे असेल तर मोटस्थळ, आणि त्याप्रमाणे जमिनीचा आकार निराळा. म्हणजे पिकाच्या पाण्यावर सरकारची नजर फार जुनी आहे. पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ते देणे हा धर्म समजत. उन्हाळ्यात पाणपोई घालावी, वाटेवर बारव बांधावी, त्याचे पुण्य घ्यावे. पाण्याचे पैसे घेणे हे दूध विकण्याहूनही हलके काम समजले जाई.

येथे एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. गावगाड्यात कोळी हा बलुतेदार असे. तो घरोघरी, विशेषतः पाटील-कुलकर्ण्यांच्या येथे व गावात उतरलेल्या पाहुण्यांस, पाणी भरी आणि सुगीला खळ्यावरून आपले बलुते नेई. पाण्याला मोल नव्हते; पाणी आणण्याला होते. पुढे नळ आले तेव्हा इंजिनियरांनी व नगरपालिकांनी हाच युक्तिवाद केला, की आम्ही पाण्याचे पैसे घेत नाही, ते घरापर्यंत आणण्याचे घेतो. तो युक्तिवाद खळ्यावरच्या कोळ्याने शंभर वर्षे आधी सिद्ध केलेला होता. आणि हेही सांगितले पाहिजे की धर्म म्हणून दिले जाणारे हे पाणी सर्वांना दिले जात नव्हते. गावची विहीर गावाची, पण महारवाड्याची नव्हे. पुण्याच्या हिशेबातले पाणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

सोलापूरच्या पाण्याची कथा सिद्धरामांपासून सुरू होते. बाराव्या शतकातील हे शिवशरण, बसवेश्वरांच्या काळचे. त्यांनी लोकांच्या हातांनी तलाव खणविला, आणि त्या तलावाकाठच्या देवालयाकडे आजही जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला लाखो लोक जातात. काम हीच पूजा मानणाऱ्या त्या परंपरेत तलावाची ‘पट्टी’ घामाच्या रूपाने एकदाच भरली गेली. कररचनेच्या भाषेत बोलायचे तर भांडवली खर्च श्रमाने भागला आणि वार्षिक खर्च जवळजवळ नव्हता. नळाच्या पाण्याचे दुखणे नेमके येथेच आहे. नळाला वार्षिक खर्च आहे. पंप चालवावे लागतात, तुरटी घालावी लागते, फुटलेला नळ सांधावा लागतो. तलाव शतकानुशतके गप्प बसून राहतो. नळ दरवर्षी हात पसरतो.

सोलापूरची नगरपालिका १ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झाली. ज्या १८५० च्या कायद्याखाली ती झाली तो कायदा मोठा गमतीचा होता. नगरवासीयांनी मागणी केली तरच तो त्या गावी लागू व्हायचा. स्वतःवर कर बसवून घेण्यासाठी लोकांनीच अर्ज करावा अशी ती व्यवस्था. आमच्या पूर्वजांना घरपट्टीपेक्षा जकात बरी वाटे, कारण ती नाक्यावर व्यापारी भरतो आणि आपल्या खिशातून गेलेली दिसत नाही. मुंबई इलाख्यातील बहुतेक नगरपालिका या जकातीवरच पोसल्या. ही सवय शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली आणि तिचे परिणाम पाणीपट्टीवर कसे झाले हे पुढे येईलच.

१८६० साली आगगाडी आली, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. मधल्या काळात शहराच्या ईशान्येला आदिला ओढ्यावर सरकारने एकरुखचा तलाव बांधला. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, आणि काम पुरे झाल्याचे वर्ष १८७१. तलाव मुख्यतः शेतीसाठी होता. पाच वर्षांनी १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ पडला. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात गिरण्यांसाठी माणसे लोटत होती, आणि सिद्धेश्वराचा तलाव व घरोघरचे आड त्यांना पुरणे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हिप्परग्याचे पाणी नळाने शहरात आले. येथून पाणपोईचे युग संपले आणि पट्टीचे सुरू झाले.

याच सुमारास, १८८३ साली, पुण्यात बसून जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. त्यांचा विषय कालव्याच्या पाण्याचा होता, घरच्या नळाचा नव्हे. परंतु त्यांनी सरकारच्या पाटबंधारे खात्यास जो जाब विचारला तो आजच्या प्रत्येक नळधारकाने वाचावा असा आहे. खाते एकराच्या हिशेबाने पैसे घेते आणि वेळेवर पाणी पोचविण्याची हमी घेत नाही, हा त्यांचा आक्षेप. उपाय म्हणून त्यांनी सुचविले की प्रत्येक शेतकऱ्याला गरजेच्या मानाने स्वतंत्र तोटी करून द्यावी. मापून द्या, मापल्याप्रमाणे घ्या, असा याचा अर्थ. मीटरची कल्पना आपल्याकडे कोणा साहेबाने आणली असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. याच जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पाणी कोणाला मिळावे आणि त्याचा हिशेब कसा असावा, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने हाताळले, ही गोष्ट आम्हांस योगायोगाची वाटत नाही.

या दोन प्रश्नांचा संबंध महाडला उघड झाला. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. त्याचा आशय असा, की सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने हे अस्पृश्यांस खुले असावेत. ठरावाचा पाया पाहा. तो दयेवर उभा नाही, सार्वजनिक पैशावर उभा आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा गावात दंगल झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे, तळे आमचे खासगी आहे आणि वहिवाट पूर्वापारची आहे. दहा वर्षे प्रकरण चालले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

महाड हे मानवी प्रतिष्ठेचे रणक्षेत्र होते. त्याला पाणीपट्टीच्या चर्चेत ओढणे कोणास लहानपणाचे वाटेल. तरीही आम्ही ते ओढतो, कारण पुण्याचे पाणी आणि पट्टीचे पाणी यांतला फरक तेथे जितका लख्ख दिसतो तितका दुसरीकडे कोठे दिसत नाही. जे पाणी कोणाच्या पुण्याईने मिळते तेथे ‘तू दूर हो’ म्हणता येते. जे पाणी नगरपालिकेचे असते तेथे तसे म्हणण्यास कायद्याचा आधार उरत नाही. कर कोणालाच गोड लागत नाही, पण ज्यांना पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी नगरपालिकेचा साधा सार्वजनिक नळ ही केवढी मोठी वस्तू होती, हे त्या काळच्या वृद्धांकडून ज्यांनी ऐकले असेल ते जाणतात. पुष्कळ गावांत त्या नळावरही रांगा वेगळ्या लागत, हे खरे. तरी ते भांडण मग हक्काचे भांडण झाले.

आता आमच्या शहराकडे परत येऊ. १ मे १९६४ रोजी सोलापूरची महानगरपालिका झाली आणि १९४९ चा महापालिकांचा कायदा येथे लागू झाला. या कायद्यात पाणी हा मालमत्ता कराचा एक भाग आहे. घराचे करयोग्य मूल्य काढावे आणि त्याच्या शेकडा अमुक इतका पाणीकर बसवावा, अशी मूळ कल्पना. मापून पाणी देऊन त्याप्रमाणे आकार घेण्याची वाटही कायद्याने खुली ठेवली आहे. परंतु सर्वांत लक्षात ठेवण्याजोगे कलम निराळेच आहे. शहराच्या एखाद्या भागात महापालिकेने पाण्याची सोय केली आहे, मग ती घरच्या नळाने असो वा रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाने, अशी जाहीर नोटीस आयुक्तांनी दिली, की त्या भागातील घरांवर पाणीकर बसविता येतो. तुमच्या घरात नळ आहे की नाही हा प्रश्न नाही. तुमच्या नळाला पाणी किती येते हा तर नाहीच.

हे अन्यायाचे आहे काय? घाईने ‘होय’ म्हणू नये. हा कायदा मुंबईच्या १८८८ च्या कायद्याच्या वळणावर घडला, आणि त्यामागे विचार होता. विहारचे पाणी १८६० साली मुंबईत आले ते पटकीच्या भयामुळे. शेजारचा माणूस घाण पाणी प्याला तर रोग माझ्या घरी येतो. म्हणून पाणी ही केवळ घेणाऱ्याची सोय नाही, ती साऱ्या नगराची संरक्षक भिंत आहे, आणि भिंतीचा खर्च सर्वांनी ऐपतीप्रमाणे द्यावा. वाड्याचे करयोग्य मूल्य जास्त म्हणून त्याची पट्टी जास्त, झोपडीची कमी. पाणी मात्र दोघांना. यांत एक प्रकारचा न्याय निश्चित आहे. मीटरच्या आजच्या कैवाऱ्यांना तो दिसत नाही.

घोटाळा पुढे झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात कर व शुल्क यांतला भेद स्पष्ट केला. कर हा सर्वसाधारण ओझ्याचा वाटा. त्याच्या बदल्यात अमुकच मिळावे असे म्हणता येत नाही. शुल्क हे विशिष्ट सेवेबद्दल. तेथे देणे-घेणे यांचा मेळ असावा लागतो. (पुढच्या निकालांनी हा मेळ बराच सैल केला, पण मूळ भेद बुडाला नाही.) आता आमची पाणीपट्टी यांपैकी कोण? वसुलीच्या वेळी ती कराचे कपडे घालते: भरलीच पाहिजे, पाणी आले-न आले हा विषय नाही. दर वाढविण्याच्या वेळी ती शुल्काचे कपडे घालते: सेवा महाग झाली, खर्च भागत नाही, म्हणून वाढ. दोन्ही कपडे एका अंगावर शोभत नाहीत.

खर्च वाढला हे मात्र खोटे नाही. हिप्परगा पुरेना म्हणून भीमेकडे जावे लागले. १९८० साली पुरे झालेल्या उजनी धरणातून नदीत पाणी सोडायचे, ते टाकळीजवळ उचलायचे आणि सोरेगावला शुद्ध करायचे. उजनी हे एकशेसतरा टीएमसीचे धरण. त्यांतले सुमारे चौपन्न टीएमसी उपयुक्त साठ्याचे, बाकीचे मृत. शहराची तहान त्या मानाने चिमूटभर. पण नदीच्या पात्रातून ते चिमूटभर पाणी पोचवायचे तर एकेका पाळीला काही टीएमसी सोडावे लागतात. वाळू पिते, ऊन पिते, काठावरचे पंप पितात. म्हणून १९९० च्या दशकात थेट उजनीहून नळ आणण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि अलीकडे त्याच्या जोडीला समांतर नळाचे. एवढ्या लांबून पाणी ढकलायचे म्हणजे विजेचे देयक किती येत असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. शिवाय जलसंपदा खाते महापालिकेकडून घाऊक पाण्याचे पैसे घेते ते निराळेच. २००५ च्या कायद्याने त्या दरांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले आहे.

इकडे खर्च वाढत असता तिकडे जुनी अन्नदात्री जकात गेली. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर तेही प्रकरण मिटले. जोवर जकातीचा पैसा होता तोवर पाणीखात्याची तूट गुपचूप भरून निघे आणि पट्टी वाढविण्याचा वाईटपणा कोणी घेत नसे. जकात गेल्यावर पट्टी उघडी पडली. नगरसेवकांनी वर्षानुवर्षे न वाढविलेला दर एकदम वाढवावा लागला की लोक चिडतात, आणि चिडलेल्या लोकांना शांत करण्यासाठी ‘अभय योजना’ निघते. तिच्यात थकबाकीदाराचा दंड माफ होतो. वेळेवर भरणाऱ्याला काय मिळते? त्याला आपण वेडे ठरलो हे ज्ञान मिळते.

आणि पाणी? सोलापुरात कित्येक वर्षे ते तीन-तीन, चार-चार, कधी पाच दिवसांआड आले. ‘आज पाण्याचा दिवस’ हा शब्दप्रयोग आमच्या शहराने मराठीला दिला असावा. १९९२ साली हद्दवाढ होऊन आसपासची गावे शहरात आली, त्या भागाची कथा आणखी बिकट. पूर्वभागात विड्या वळणारी बाई पाण्याच्या दिवशी अर्धा रोज बुडविते, कारण पाणी कोणत्या वेळी येईल याचा भरवसा नसतो. हा बुडालेला अर्धा रोज वर्षाच्या साऱ्या पाण्याच्या दिवसांनी गुणावा. जी रक्कम येईल ती तिने भरलेली खरी पाणीपट्टी. ती कोणत्याच अंदाजपत्रकात जमेस दिसत नाही.

मीटर बसवा म्हणजे सारे ठीक होईल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हीही जोतीरावांच्या तोटीचे चाहते आहोत. पण चोवीस तास नळ भरलेला असेल तरच मीटर सत्य बोलतो. चार दिवस कोरड्या पडलेल्या नळात पाणी सुटले की आधी हवा येते, आणि ती हवाच काटा फिरविते. हवेचे पैसे द्यावे लागतील म्हणून लोक मीटर नको म्हणतात, आणि मीटर नाही म्हणून गळती किती व चोरी किती हे कळत नाही. हे चक्र पुरवठा सुधारल्याशिवाय तुटणार नाही. आधी मीटर, मग पाणी, हा क्रम आम्हांस उलटा वाटतो.

अखेर चिंचोळीकडे वळू. औद्योगिक महामंडळ १९६२ साली स्थापन झाले तेव्हाच पाण्याची व्यवस्था हे त्याचे एक मुख्य काम ठरले. महामंडळाचा व्यवहार सरळ आहे. घरगुती दर निराळा, कारखान्याचा निराळा. मापून पाणी, मापून पैसे. न भरल्यास जोड तोडणे. तेथे पट्टी नाही, भाव आहे. कारखानदारही दराबद्दल कुरकुरतात, पण पाणी न आल्यास त्यांना जाब विचारता येतो, कारण त्यांचे नाते गिऱ्हाइकाचे आहे.

ज्या गावाच्या जमिनीवर वसाहत उभी राहते त्या गावाचे नाते मात्र वेगळे. ग्रामपंचायतीच्या कायद्यात पाणीपट्टीचे दोन प्रकार आहेत: सामान्य पाणीपट्टी ही सर्वांवर आणि विशेष पाणीपट्टी ही नळाने पाणी घेणाऱ्यांवर. १९५८ च्या कायदेकारांनी कर व शुल्क यांतला भेद येथे किती साध्या रीतीने सोडविला आहे, पाहा! सार्वजनिक विहिरीचा, हौदाचा खर्च सर्वांनी द्यावा, आणि घरात तोटी हवी त्याने तिचे वेगळे द्यावे. महापालिकांच्या कायद्यात जे गुंतले ते ग्रामपंचायतींच्या कायद्यात सुटे आहे. २००० नंतरच्या सरकारी योजनांनी यांत लोकवर्गणीची भर घातली: योजनेच्या खर्चाचा दहावा हिस्सा गावाने उभा करावा आणि चालविण्याचा खर्च पट्टीतून भागवावा. २०१९ च्या जलजीवन मोहिमेने माणशी दररोज पंचावन्न लिटर पाणी घरात देण्याचे लक्ष्य ठेवले. चालविण्याचा भार गावावरच राहिला. गावाची पट्टी वसूल झाली नाही की पंपाचे वीजबिल थकते, वीज तुटते, पाणी बंद होते, आणि पाणी बंद म्हणून पट्टी भरायला कोणी तयार होत नाही.

तरीही गावच्या पट्टीत एक गोष्ट आहे जी शहराच्या पट्टीत राहिलेली नाही. ग्रामसभेत उभा राहून एखादा म्हातारा विचारू शकतो, की अमुक महिन्यात पंप किती दिवस बंद होता आणि त्या दिवसांची पट्टी का द्यावी. उत्तर समाधानकारक मिळेलच असे नाही. पण प्रश्न ज्याला विचारायचा तो सरपंच समोर बसलेला असतो. शहरात हा प्रश्न खिडकीवरच्या कारकुनाला विचारावा लागतो आणि त्या बिचाऱ्याच्या हातात केवळ पावतीपुस्तक असते.

त्या पावतीवर मालमत्तेचा क्रमांक असतो, वर्ष असते, मागील थकबाकी, चालू मागणी, दंड व एकूण रक्कम असे रकाने असतात. वर्षभरात पाणी किती दिवस आले, याचा रकाना आम्हांस अद्याप कोणत्याही पावतीवर आढळलेला नाही.